अर्धं तिकीट, पूर्ण कर

स्वारगेटहून वेल्ह्याला निघालेल्या एसटीत आमच्या गावच्या आक्का आणि कंडक्टर यांच्यात जो वाद झाला, तो हायकोर्टात गेला असता तर निकाल आक्कांच्या बाजूनं लागला असता, असं माझं अजूनही मत आहे. आक्कांचं वय अडुसष्ट. मुद्दा सरळ होता. बाई म्हणून निम्मं तिकीट माफ, म्हातारी म्हणून निम्मं माफ. निम्मं आणि निम्मं मिळून पुरं होतं. मग पैसे कसले मागतोस?

"आक्का, सवलतीवर सवलत नसते," कंडक्टर म्हणाला. "पंच्याहत्तरीला या, फुकट नेतो."

"तवर तुझी गाडी टिकंल का?" असं विचारून आक्कांनी कमरेची पिशवी सोडली आणि सुटे पैसे दोनदा मोजून दिले.

एसटीच्या सवलतींचा आक्कांचा अभ्यास दांडगा आहे. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून फुकट, बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं, पासष्टीपासून पंच्याहत्तरीपर्यंत निम्मं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पण कात्रज ओलांडल्यावर त्या माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊसाहेब, बँकेनं माझं चौदा हजार कापलं. इचारलं तर म्हणं टीडीएस. आता म्हातारपणी हे काय नवीन दुखणं?"

मी पंचायत समितीत हिशेबाच्या टेबलावर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. त्यामुळे कर, कोर्ट, कुंडली आणि मोबाइलमधला बिघाड या चार विषयांतलं मला सगळं कळतं, अशी गावाची समजूत आहे. मी विचारलं, "कधीपासून कापतायत?"

"दरसालच कापत्यात. म्या म्हटलं, सगळ्यांचंच कापत आसतील."

तिकिटाच्या चाळीस-पन्नास रुपयांसाठी कात्रजपर्यंत कंडक्टरला घाम फोडणारी बाई चौदा हजार रुपये 'सगळ्यांचंच कापत असतील' म्हणून सोडून देते. आक्कांची ही एकटीची गोष्ट नाही. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत जी सवलत कायद्यात नाही ती प्रत्येकाला पाठ आहे, आणि जी आहे ती कुणाच्या गावीही नाही.

नसलेल्या सवलतींचं विद्यापीठ चेलाडी फाट्यावर चहाच्या टपरीत भरतं. तिथले सिद्धांत असे: शेतकऱ्याला कुठलाच कर नाही, मग त्याचं पुण्यात मंगल कार्यालय असलं तरी. बायकोच्या नावावर ठेव ठेवली की व्याज बायकोचं. (नवऱ्यानं दिलेल्या पैशांचं व्याज कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतो, संसारात दोघं एक असतात हे भटजीनंतर फक्त आयकर खात्यानंच मनावर घेतलं आहे.) रोखीत घेतलं की दिसत नाही. आणि शेवटचा, सर्वांत लाडका: आता बारा लाखांपर्यंत करच नाही, तेव्हा विषय संपला.

या शेवटच्या सिद्धांतात अर्धं तिकीट खरं आहे. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर रिबेटमध्ये निघून जातो. पण रिबेट म्हणजे गावजेवण नव्हे, की पंगतीत बसलं की पानात पडलं. कापलेला टीडीएस परत हवा असेल तर रिटर्न भरून मागावा लागतो. शिवाय जमीनविक्रीच्या नफ्यासारखं वेगळ्या दरानं कर लागणारं उत्पन्न त्या रिबेटच्या मांडवात येतच नाही. तेव्हा नऊ लाख पगाराच्या माणसानं प्लॉट विकला आणि 'बारा लाखांच्या आत आहे' म्हणून निवांत झोपला, तर त्याला उठवायला नोटीस येते.

वेल्हे तालुक्याचं (आता सरकारदप्तरी राजगड तालुका) आणि आयकर कायद्याचं एक नातं आहे, ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या तालुक्यातलं पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. आयकर कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली १३ सप्टेंबर १९६१ ला. दोन महिने आणि एक दिवस. पानशेतचं पाणी एका दिवसात ओसरलं. कायदा चौसष्ट वर्षं चढतच राहिला. आता २०२५ चा नवा कायदा आला आहे, कलमं ५३६, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्याचा सर्वांत मोठा फटका टपरीवरच्या विद्वानांना बसला. 'एट्टी-सी', 'एट्टी-डी' हे शब्द ज्यांनी वर्षानुवर्षं वापरून इज्जत कमावली, त्यांचे सगळे आकडे एका रात्रीत बदलले. म्हणून मी या लेखात कलमांचे आकडे देत नाही. मला नवे पाठ नाहीत हे कारण आहेच, पण ते दुय्यम.

आता घरमालकांकडे येतो, कारण खरा खजिना तिथे पुरलेला आहे. खजिन्यावरून आठवलं. तोरण्यावर महाराजांना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आज कुणाला सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदा आहे: दहा रुपयांवरचं धन असेल तर आधी कलेक्टरला कळवायचं. किल्ला मग सवडीनं.

तर घरमालक. आमचे एक चुलते, त्यांना सगळे अण्णाच म्हणतात. धनकवडीकडे जागा घेऊन त्यांनी वर दोन मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. वर्षाचं भाडं तीन लाख साठ हजार. अण्णांकडे एक पिशवी आहे. कापडाच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची, बंद फाटलेली, आता त्याला सुतळी बांधलेली. तिच्यात बोअरच्या मोटारीची पावती, रंगाचे डबे, गवंड्याच्या हजेरीचा कागद, प्लंबरनं सिगारेटच्या पाकिटावर लिहून दिलेलं बिल, आणि एक विजेचा होल्डर, पुरावा म्हणून. ही पिशवी घेऊन अण्णा दर जुलैत माझ्याकडे येतात. पिशवी उलटी करतात. सतरंजीवर वाळू पडते. मग आम्ही दोघं चष्मे लावून सिगारेटच्या पाकिटावरचा आकडा १,१०० आहे की ७,१०० यावर तासभर वाद घालतो.

यातलं एकही चिटोरं लागत नाही, हे मला कळायला तीन जुलै गेले. भाड्यातून आपण भरलेली घरपट्टी वजा करायची आणि जे उरेल त्याच्या तीस टक्के सरसकट सोडून द्यायचं. दुरुस्ती करा नाहीतर करू नका, पावती असो वा नसो. अण्णांची घरपट्टी वीस हजार; उरले तीन लाख चाळीस हजार; त्याचे तीस टक्के, म्हणजे एक लाख दोन हजार रुपये, न बोलता वजा. ही सूट जुन्या पद्धतीत आहे आणि नव्यातही आहे. भाड्याच्या घरावर कर्ज असेल तर त्याचं व्याज वेगळं वजा होतं.

अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते आनंदानं उडी मारतील अशी माझी अपेक्षा होती. ते गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मोटार जळली ती फुकटच जळली?"

माणसाला सवलत नको असते, न्याय हवा असतो. मोटार जळल्याचं दुःख कुणीतरी अधिकृतपणे नोंदवून घ्यावं एवढीच त्यांची मागणी होती. ते आजही पिशवी आणतात. मी सतरंजी घालतो. दोघं मिळून बिलं बघतो, हळहळतो, आणि नंतर तीस टक्के वजा करतो.

घरपट्टीत मात्र एक ग्यानबाची मेख आहे: ती मालकानं आणि त्याच वर्षात भरलेली असली पाहिजे. भाडेकरूनं भरली तर वजावट नाही, आणि 'पुढच्या वर्षी अभय योजना येईल' म्हणून थकवली तरीही नाही. आता घरपट्टीचं निघालंच आहे तर पुणे महापालिकेत राहणाऱ्या आमच्या चाकरमान्यांना एक गोष्ट सांगून टाकतो. स्वतः राहत असलेल्या घराला मिळकतकरात चाळीस टक्के सवलत आहे आणि ती सुरू नसेल तर पीटी-३ नावाचा अर्ज द्यावा लागतो. आमच्या आळीतल्या एकानं खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर 'आम्ही स्थानिक आहोत' या तीन शब्दांवर इतकी वर्षं काढली. पण स्वतःच्या घरात स्वतः राहतो हे महापालिकेला सांगायला त्याला सवड झाली नव्हती.

आणि गावचं घर? पुण्यात फ्लॅट आणि वेल्ह्यात वाडवडिलांचं घर असलेल्या प्रत्येकाला कुणीतरी भीती घातलेली असते की दुसऱ्या घराचं भाडं येत नसलं तरी आल्यासारखं दाखवून कर भरावा लागतो. एके काळी ते खरं होतं. आता दोन घरं स्वतःकडे ठेवली तर दोन्हींचं उत्पन्न शून्य धरतात. आमच्या गावच्या घरात माळ्यावर वटवाघळं राहतात, ती भाडं देत नाहीत, आणि सरकारचाही आता त्यांच्यावर संशय उरलेला नाही.

पण भोर-वेल्ह्याला शोभेल अशी सवलत एकच. ती कावळ्याची.

शेतजमीन विकली की कर लागतो का, हे उत्तर शेतावर अवलंबून नाही, शेत नगरपालिकेपासून किती लांब यावर आहे. दहा हजार ते एक लाख वस्तीच्या गावाच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाख वस्ती असेल तर सहा, आणि दहा लाखांच्या वर असेल तर आठ. त्याच्या पलीकडची शेती ग्रामीण. ती विकून आलेला पैसा भांडवली नफ्यात धरतच नाहीत. हे अंतर रस्त्यानं मोजायचं की सरळ रेषेत, यावर पूर्वी कोर्टकज्जे झाले. मग २०१३ च्या अर्थसंकल्पात सरकारनं ठरवून टाकलं: हवाई अंतर. कावळा उडतो तसं.

सपाटीच्या तालुक्याला यानं काय फरक पडणार? पण आमच्याकडे रस्ता म्हणजे डोंगराला विचारत विचारत जाणारी गोष्ट. पाबे घाटात समोर दिसणारं गाव गाठायला अर्धा तास लागतो. भाटघरच्या पाण्यापलीकडे राहणाऱ्या पाहुण्याला हाक मारली तर ऐकू जाते, जेवायला बोलावलं तर तो संध्याकाळी पोचतो. अशा मुलखात सरकारनं कावळा नेमला.

भोर नगरपालिकेची वस्ती २०११ च्या जनगणनेत दहा हजारांच्या वर, एक लाखाच्या खाली. म्हणजे हद्दीपासून दोन किलोमीटर. आमच्या ओळखीतल्या दोघा भावांची नीरेच्या अल्याड-पल्याड वावरं. थोरल्याचं म्हणणं, पुलावरून फिरून गेलं तर साडेतीन किलोमीटर भरतं, आपण ग्रामीण. धाकटा म्हणाला, कावळ्याला विचार. दोघं बांधावर उभे राहून आकाशाकडे बघत होते, आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की पितृपक्ष चालू आहे आणि पिंडाला कावळा शिवायची वाट बघतायत. शेवटी नगर भूमापनचा नकाशा काढून पट्टी लावली. सव्वा किलोमीटर. थोरल्यानं कावळ्याला जी शिवी दिली ती छापण्यासारखी नाही.

पण त्याचं नशीब तिथं संपत नव्हतं. जमीन शहरी ठरली तरी, विक्रीआधीची दोन वर्षं ती स्वतः किंवा आईवडील कसत असतील आणि नफ्याच्या पैशांतून दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली, तर तेवढ्या नफ्यावर कर नाही. घर घेतलं तरी वाट आहे. आणि ज्याला दुसरं उत्पन्नच नाही, त्याची चार लाखांची मूळ करमुक्त मर्यादा आधी त्या नफ्यातून वजा होते. थोरल्यानं वरच्या अंगाला तीन एकर भातखाचरं घेतली. कावळ्यापासून लांब.

याच्या उलट गंमत लांबच्या गावांत होते. तिथं जमीन शंभर नंबरी ग्रामीण, पण घेणारा शहरातला. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की पन्नास लाखांच्या वरच्या व्यवहारात एक टक्का कापून सरकारात भरायचा. ग्रामीण शेतजमिनीला तो नियमच नाही. विकणारा बिचारा म्हणतो, "सायेब म्हणत्यात म्हणजे आसंल," आणि पन्नास हजार सोडून येतो. तोच माणूस भोरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये जास्त सांगितले तर जुडी परत टाकतो.

रिंगरोडचं तेच. पश्चिमेचा रिंगरोड भोर तालुक्यातल्या केळवडे, कांजळे, खोपी, कुसगाव, रांजे या गावांतून आखला गेला. मोबदल्याचा आकडा किती, यावर गावागावांत पीएचडीचे प्रबंध तयार आहेत. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेल्या मोबदल्यावर आयकर नाही, आणि हे आयकर खात्याच्या वरिष्ठ मंडळानं २०१६ मध्ये परिपत्रक काढून सांगितलंय, ही माहिती मात्र कुजबुजीत सांगतात, जणू आपण काही लांडीलबाडी करतोय. मोबदल्याला कर नाही. त्या मोबदल्याच्या ठेवीवरच्या व्याजाला आहे. टपरीवर या दोन वाक्यांचं नेहमी एकच वाक्य होतं.

मावळात सवलतीची परंपरा जुनी आहे खरं तर. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीला आणली की पहिली काही वर्षं सारा हलका ठेवत आणि मग हळूहळू चढवत नेत. त्याला इस्तावा म्हणत. गुंजण मावळातला कुणबी इस्ताव्याचा कौल घेतल्याशिवाय पडीत नांगर घालत नसेल, अशी माझी खात्री आहे. त्याच्या तेराव्या पिढीनं राजगडाच्या पायथ्याला तंबू टाकले आणि ठरवलं की तंबू शेतात आहेत, म्हणून उत्पन्न शेतीचं. तंबूत इंद्रायणीचा भात वाढला म्हणून तंबू खाचर होत नाही. तो धंदा. पण धंदा मान्य केला तर सवलत मिळते, हे त्याला कुणी सांगितलं नाही. छोट्या धंद्यात उलाढालीच्या आठ टक्के नफा धरून कर भरता येतो, वह्या ठेवायच्या भानगडीत न पडता. आणि पैसे बँकेतून किंवा मोबाइलवरून आले असतील तर आठच्या जागी सहा टक्के. भिंतीवर चिकटवलेल्या त्या चौकोनी कोडाची किंमत दोन टक्के आहे.

फाट्यावरच्या मिसळवाल्याला मी हे समजावलं. त्याच्याकडे कोड होता, पण गिऱ्हाइकानं मोबाइल काढला की तो फडक्यानं झाकायचा. "मोबाइलचं पैसं दिसत्यात भाऊसाहेब." मी म्हटलं, दिसतात म्हणूनच दोन टक्के सुटतात. त्यानं फडकं काढलं, विचार केला, आणि निम्मंच झाकलं.

हसू नये, कारण आता माझी पाळी. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, तिचा आरोग्य विमा नाही. तिच्या औषधपाण्याचा खर्च मी करत होतो आणि कर जुन्या पद्धतीनं भरत होतो. विमा नसलेल्या ज्येष्ठ आईवडिलांच्या औषधोपचारावर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. अट एकच, पैसे रोख दिलेले नकोत. आमचा औषधवाला दर वेळी म्हणायचा, "काका, सुट्टे नाहीत, फोनवर टाका की." आणि मी, हिशेबाच्या टेबलावरचा माणूस, दर वेळी बजावायचो, "रोख घे, रोखीचा व्यवहार चोख." चार वर्षं मी चोख राहिलो. बिलं आईनं पापड वाळत घालायला कागद म्हणून वापरली. अण्णांना कळलं तेव्हा त्यांना जे समाधान झालं ते तीस टक्क्यांच्या सुटीनंसुद्धा झालं नव्हतं.

आणखी किरकोळ बरंच आहे. व्यवसाय कर पासष्टीनंतर लागत नाही, तरी दुकानाच्या सवयीनं भरणारे आहेत. माजी सैनिकाच्या घराची घरपट्टी माफ होते, पण ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो. सीमेवर उभा राहिलेला माणूस ग्रामसेवकाच्या दारात उभं राहायला लाजतो. राहतं घर किंवा शेती मुलाला, मुलीला, नातवाला बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे, वरचे अधिभार काय ते तिथे विचारून घ्यावेत. भावाला दिली तर ही सवलत नाही. कायदा करणाऱ्यांना भाऊबंदकीची कल्पना असावी.

आक्कांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. यजमान झेडपीत मास्तर होते. त्यांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन वर्षाला दोन लाख चौसष्ट हजार, ठेवींचं व्याज एक लाख चाळीस हजार. ज्येष्ठांच्या व्याजावर लाखाच्या वर टीडीएस, म्हणून चौदा हजार कापले होते. कुटुंब निवृत्तिवेतनातून नव्या पद्धतीत पंचवीस हजारांपर्यंत वजा होतात, ही गोष्ट तालुक्यातल्या शंभर विधवांपैकी एकीला ठाऊक असेल तर शप्पथ. वजा केल्यावर आक्कांचं उत्पन्न चार लाखांच्या खाली. कर शून्य. बँकेत पंधरा-एचचा फॉर्म एप्रिलातच दिला असता तर कापलेही नसते. रिटर्न मुदतीत भरला, परताव्याचे चौदा हजार आणि वर थोडे पैसे खात्यात आले.

"वरचं कशाचं?" आक्कांनी विचारलं.

व्याज, मी म्हटलं. परताव्यावर सरकार दरमहा अर्धा टक्का व्याज देतं.

आणि त्या व्याजाला कर आहे.